बाकूचा कोट आणि बाकूचे मनोरे

'जुने ते सोने' ही म्हण आपल्याकडे ज्या तोंडाने सांगितली जाते, त्याच तोंडाने जुना वाडा पाडून त्या जागी किती मजले चढतील याचा हिशेबही मांडला जातो. यात काही दांभिकपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. माणसास पूर्वजांचा अभिमान हवा असतो, आणि नळाचे पाणी, उजेडाची खोली व गुडघे दुखू लागल्यावर वर नेणारी लिफ्टही हवी असते. दोन्ही इच्छा रास्तच आहेत. प्रश्न एवढाच की, त्या एका गावात शेजारीशेजारी नांदू शकतात काय. आणि नांदू लागल्याच, तर त्यांच्या सलोख्याची किंमत कोणास मोजावी लागते? अशा प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा एखादे शहर पायी हिंडून शोधलेले बरे. आणि त्या कामी बाकूइतके सोयीचे शहर आमच्या तरी पाहण्यात दुसरे आलेले नाही. येथे जुने व नवे एकमेकांसमोर इतके उघडपणे उभे आहे की, पाहणारास मान वर करावी किंवा खाली घालावी एवढेच कष्ट पडतात.

बाकू ही आझरबैजान देशाची राजधानी. कास्पियन समुद्राच्या पश्चिम तीरावर अबशेरोन नावाचे द्वीपकल्प पक्ष्याच्या चोचीप्रमाणे पाण्यात शिरले आहे. त्याच्या दक्षिण अंगास, एका अर्धवर्तुळाकार उपसागराच्या काठी, हे शहर वसले आहे. कास्पियन हा नावाचाच समुद्र. वस्तुतः ते जगातील सर्वांत मोठे सरोवर होय. त्याची पातळी महासागराच्या पातळीहून सुमारे २८ मीटर खाली असल्यामुळे जगातील सर्व राजधान्यांत बाकूच सर्वांत सखल गणली जाते. येथे वाऱ्याचे राज्य मोठे. उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्यास 'खझ्री' व दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार वाऱ्यास 'गिलावार' असे म्हणतात. शहराचे नावच मुळी 'वाऱ्याने झोडपलेले' अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून आले, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. शब्दशास्त्री तिला मान्यता देवोत वा न देवोत, डोक्यावरची टोपी हाताने धरून समुद्रकाठी चालणाऱ्या प्रवाशास ती तत्काळ पटते.

रात्री शहरात प्रवेश करणारास प्रथम जे दिसते, ते जुने नव्हे, नवे. पश्चिमेकडील टेकडीवर तीन प्रचंड काचेचे मनोरे उभे आहेत. त्यांचा आकार ज्वाळेसारखा निमुळता व किंचित वळलेला असल्यामुळे त्यांस 'ज्वालामनोरे' हेच नाव पडले आहे. सन २००७ मध्ये त्यांच्या बांधणीस आरंभ झाला आणि २०१२ मध्ये ते पूर्ण झाले. तिहींतील सर्वांत उंच मनोऱ्याची उंची १८२ मीटर आहे. एकात राहण्याची घरे, दुसऱ्यात हॉटेल व तिसऱ्यात कचेऱ्या अशी त्यांची वाटणी आहे. अंधार पडला की त्यांच्या अंगावर बसविलेले दहा हजारांहून अधिक विजेचे दिवे पेटू लागतात आणि तिन्ही मनोरे आपादमस्तक पेट घेतल्यासारखे दिसतात; क्षणात ज्वाळा विझून तेथे राष्ट्रध्वजाचे तीन रंग झळकतात. हा देश स्वतःस अग्नीची भूमी म्हणवितो, त्याचे हे विजेच्या भाषेतील भाषांतर होय. देखावा डोळे दिपविणारा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

याच टेकडीच्या पायथ्याशी, समुद्राच्या बाजूस, जुन्या बाकूचा कोट आहे. त्यातील वस्तीस 'इचेरीशहर' म्हणतात. 'इचेरी' म्हणजे आतले. आणि 'शहर' हा शब्द मराठी वाचकांस समजावून देण्याचे कारण नाही. या आतल्या शहराचे क्षेत्रफळ सुमारे साडेएकवीस हेक्टर, म्हणजे ५३ एकरांच्या आसपास आहे. तटाचे बांधकाम मूळचे बाराव्या शतकातील. एके काळी येथे एकाआड एक असे दोन तट होते. त्यांपैकी बाहेरचा तट शहर वाढू लागल्यावर १८८० नंतरच्या दशकात पाडण्यात आला. पाडताना त्याचा दरवाजा मात्र टाकून न देता आतल्या तटाच्या दरवाजाशेजारी आणून बसविला. त्यामुळे आज तेथे दोन सारख्या कमानी खांद्यास खांदा लावून उभ्या आहेत, आणि त्यांस 'जोडदरवाजा' असेच नाव आहे. आमच्या बरोबरीच्या वाटाड्या मुलीस, आम्ही शाळेत संस्कृत शिकवीत होतो असे कळताच, तिने आम्हांस 'मुअल्लिम' म्हणून संबोधावयास प्रारंभ केला. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. परंतु त्या देशी कोणाही आदरणीय पुरुषास नावापुढे हीच पदवी लावून हाक मारतात. आपल्याकडे 'गुरुजी' शब्दाची जी अवस्था झाली आहे ती पाहता, ज्या देशात शिक्षकाचे नाव हेच सन्मानाचे नाव आहे, त्या देशाविषयी आमचे मत पहिल्याच दिवशी अनुकूल झाले हे सांगावयास हरकत नाही.

आत शिरताच वारा पडतो. गल्ल्या इतक्या अरुंद व वाकड्यातिकड्या की वाऱ्यास सरळ धावताच येत नाही, आणि उन्हाळ्यात एका भिंतीची सावली समोरच्या भिंतीस पुरते. घरे पिवळसर चुनखडीच्या दगडाची. वर लाकडी सज्जे पुढे आलेले. सज्जांवर दोऱ्यांना वाळत घातलेले कपडे, दाराशी पायपुसण्याऐवजी जुना गालिचा आणि त्यावर निःशंकपणे झोपलेले मांजर. शीर्वानशाह नामक राजवंशाने पंधराव्या शतकात आपली राजधानी शमाखी गावाहून येथे हलविली, तेव्हाचा त्यांचा राजवाडा उंचवट्यावर आहे. त्यातील एका सुंदर नक्षीदार इमारतीचे नाव आम्ही विचारले तेव्हा उत्तर आले, 'दिवाणखाना'! पुढे 'हमाम' आला, 'कारवानसराई' आली. आपल्या मायबोलीने फारसीपासून घेतलेले शब्द इतक्या दूर, कास्पियनच्या काठी, अशा मूळच्या थाटात भेटतील याची कल्पना असूनही प्रत्यक्ष भेटीचा आनंद निराळाच होता. एका कारवानसराईचे नाव तर 'मुलतानी' असे आहे. मुलतानकडचे व्यापारी तेथे उतरत, म्हणून हे नाव. तिच्यासमोरच बुखाऱ्याच्या व्यापाऱ्यांची सराई आहे. उंटांच्या तांड्यांचे दिवस गेले. सांप्रत तेथे प्रवाशांच्या भोजनाची सोय होते.

कोटातील सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे 'गिझ गलासी', अर्थात कन्याबुरूज. त्यातील 'गला' म्हणजे आपला किल्लाच. हा आठ मजली वर्तुळाकार बुरूज सुमारे साडेएकोणतीस मीटर उंच असून तळाशी त्याची भिंत पाच मीटर जाड आहे. आत २१ मीटर खोल विहीर आहे. तो कोणी, केव्हा व कशासाठी बांधला याविषयी पंडितांत एकमत नाही. टेहळणीचा बुरूज, अग्निमंदिर, वेधशाळा असे नाना तर्क केले गेले आहेत. लोकांनी मात्र आपल्यापुरता निर्णय केव्हाच देऊन टाकला आहे: मनाविरुद्ध विवाह ठरल्यामुळे एका राजकन्येने येथून समुद्रात उडी घेतली! त्या काळी समुद्राच्या लाटा बुरुजाच्या पायाशी येत. आता मध्ये रस्ता व १९०९ साली आरंभिलेले समुद्रकाठचे उद्यान आहे. बुरुजाच्या गच्चीवर उभे राहून मागे वळून पाहिले की कोटाची सपाट छपरे, राजवाड्याचा घुमट आणि त्या सर्वांच्या डोक्यावर, टेकडीच्या उंचीची आणखी भर पडलेले, सहापट उंच ज्वालामनोरे दिसतात. पुष्कळ प्रवासी येथे उभे राहून हळहळतात, पुष्कळ टाळ्या वाजवितात. आम्हांस या दोहोंपैकी काहीच करवेना. कारण हा देखावा कशाने घडला हे थोडे पाहिल्याखेरीज निंदा किंवा स्तुती करणे म्हणजे उत्तरपत्रिका न वाचताच गुण देण्यासारखे होईल.

तो देखावा घडविला तेलाने. बाकूजवळील बिबीहैबत येथे १८४६ साली यंत्राने भोक पाडून तेलाची विहीर खणण्यात आली. जगातील अशा प्रकारच्या आरंभीच्या विहिरींत तिची गणना होते. १८७९ साली नोबेल बंधूंची तेलकंपनी निघाली. ज्यांच्या नावाचे पारितोषिक जगप्रसिद्ध आहे ते आल्फ्रेड नोबेल हेही तिचे एक भागीदार होते. सन १९०० च्या सुमारास जगात निघणाऱ्या एकंदर खनिज तेलापैकी जवळजवळ निम्मे एकट्या बाकूच्या परिसरातून निघत असे. या पैशाचा लोंढा आला तेव्हाच बाहेरचा तट पडला, आणि आतल्या तटास लागून तेलसम्राटांचे इटालियन व फ्रेंच धाटणीचे टोलेजंग वाडे उभे राहिले. आज ज्यांस आपण 'ऐतिहासिक' म्हणून आदराने पाहतो, ते हे वाडे त्या वेळच्या वृद्धांस आजच्या मनोऱ्यांइतकेच उद्दाम वाटले असतील. तेव्हा जुने व नवे यांच्यामधील रेषा स्थिर नसते. दर शंभर वर्षांनी ती पुढे सरकते, हे या शहरापासून शिकावे.

या तेलसम्राटांत हाजी झैनलाबदीन तागीयेव यांचे चरित्र आमच्या वाचक-भगिनींनी अवश्य लक्षात ठेवावे असे आहे. ते चांभाराचे पुत्र. लहानपणी गवंड्याच्या हाताखाली राबले. अक्षरओळख त्यांस झाली नाही. पुढे जमिनीत तेल लागून ते कोट्यधीश झाले, आणि १९०१ साली त्यांनी मुसलमान मुलींसाठी आधुनिक शिक्षणाची शाळा काढली. बाकूच्या विहिरींचे पाणी मचूळ, पटकीचे भय नित्याचे. म्हणून शंभर मैलांहून दूर असलेल्या शोलार येथील झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणण्याच्या योजनेचाही त्यांनी पाठपुरावा केला. लिंडली नावाच्या इंग्रज इंजिनियराने आखलेल्या त्या योजनेचे पाणी १९१७ साली बाकूत पोहोचले. तागीयेव यांचा वाडा आता राष्ट्रीय इतिहाससंग्रहालय म्हणून ओळखला जातो. नवा पैसा केवळ उंची वाढवितो असे नाही. सद्बुद्धी असेल तर तो पाणी आणतो व मुलींस शाळेत घालतो, हे सांगण्यासाठी हा विषयान्तराचा दोष पत्करला.

आता पुढची हकीकत. १९२० पासून सोव्हिएत अंमल आला, आणि त्याच अंमलात १९७७ साली इचेरीशहर हे संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाले. १९९१ साली देश स्वतंत्र झाला; २० सप्टेंबर १९९४ रोजी परदेशी तेलकंपन्यांशी मोठा करार झाला; २००६ साली बाकूचे तेल तिबिलिसीमार्गे तुर्कस्तानातील जेहान बंदरापर्यंत नेणारी १,७६८ किलोमीटर लांबीची नळवाट सुरू झाली. पैशाचा दुसरा लोंढा आला. इचेरीशहराची, त्यातील राजवाडा व कन्याबुरूज यांसह, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली ती २००० साली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात भूकंप होऊन कित्येक वास्तूंस इजा पोहोचली. पण भूकंपाहून अधिक भय माणसांचे ठरले. कोटाच्या आतच जुनी घरे पाडून नवी बांधकामे उठू लागली, डागडुजीच्या नावाखाली मूळचे रूप बिघडू लागले, आणि २००३ साली युनेस्कोने या नगरीचे नाव 'धोक्यात असलेला वारसा' या यादीत घातले. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर प्रगतिपुस्तकावर लाल शेरा पडला. त्याचा परिणाम इष्ट झाला. २००५ साली कोटाच्या कारभारासाठी स्वतंत्र व्यवस्था निर्माण करण्यात आली, पाहण्या झाल्या, नियम झाले, आणि २००९ साली तो शेरा पुसला गेला. एवढेच नव्हे, तर २०१९ साली जागतिक वारसा समितीचे अधिवेशनच बाकूत भरले. आपल्या जयपूर नगरीस वारशाचा मान मिळाला तो याच अधिवेशनात, हे येथे सांगितले पाहिजे.

म्हणजे कोट वाचला. आज तेथे भिंतीस खिळा मारावयाचा तरी विचार करावा लागतो. २०१६ पासून शहरात मोटारींच्या जागतिक शर्यती होतात. त्यांचा मार्ग कोटाच्या तटास अगदी घासून जातो, आणि एके ठिकाणी तर तो अवघा ७.६ मीटर रुंद आहे. शर्यतीसाठी दगडी फरसबंदीवर डांबर घालतात आणि शर्यत संपली की काढून घेतात, दगडास ओरखडा येऊ नये म्हणून! हे ऐकून समाधान वाटले. कोटात अजून कुटुंबे राहतात हे त्याहून समाधानाचे. हॉटेले व दुकाने वाढत आहेत खरी. परंतु सकाळी पाव घेऊन लगबगीने घरी जाणारी आजी आणि शाळेस निघालेली पोरे जोवर तेथे दिसतात, तोवर त्यास शहर म्हणावयास हरकत नाही. चिमुकल्या ग्रंथांचे एक संग्रहालयही २००२ पासून आत आहे. भिंगाखेरीज वाचता न येणारी ती पुस्तके पाहण्यास मुलांस अवश्य न्यावे.

परंतु दगड वाचला म्हणजे सर्व वाचले काय? याचे उत्तर आम्हांस शहराबाहेर सुराखानी येथे मिळाले. तेथे 'आतेशगाह', म्हणजे अग्निस्थान, आहे. पाच कोनांचा दगडी प्राकार, त्यास लागून यात्रेकरूंच्या व तपस्व्यांच्या खोल्या, आणि मध्यभागी चार कमानींच्या छत्रीखाली धगधगणारे कुंड. खोल्यांच्या दारांवरील शिलालेख पाहून आमचे पाय जागीच खिळले. कारण ते देवनागरीत व गुरुमुखीत आहेत. एका लेखाचा आरंभ श्रीगणेशाच्या नमनाने होतो. पुढे विक्रमादित्याच्या शकाचा उल्लेख येतो, आणि ज्वालाजीच्या निमित्ताने दरवाजा बांधल्याचे सांगितले आहे. काळ संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५ च्या सुमाराचा. भाषा पाणिनीच्या कसोटीस उतरणारी नव्हे. मध्येच संस्कृत सोडून ती बोलीत शिरते. आमच्या वर्गात असे लेखन आले असते तर आम्ही तांबडी शाई घेतली असती. तेथे मात्र हात जोडले गेले. हजारो मैलांवर, उंटांच्या पाठीवरून येऊन, कोणा व्यापाऱ्याने किंवा बैराग्याने ही अक्षरे कोरविली; त्याच्या व्याकरणाची झडती घेणारे आपण कोण? मुंबईचे प्रसिद्ध पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९२५ साली हे स्थान पाहिले, आणि ते पारश्यांचे नसून हिंदूंचे असल्याचा निर्वाळा दिला.

पूर्वी त्या कुंडातील अग्नी भूगर्भातून आपोआप निघणाऱ्या वायूवर जळत असे. भोवती तेलाचे कारखाने उभे राहिले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उपासक निघून गेले, आणि भूमीतील वायूचा उपसा होऊन १९६९ साली ती ज्योत विझली. आज जी जळते ती शहराच्या वायुवाहिनीतून नळाने आणलेली. दगड शाबूत आहेत, लेख शाबूत आहेत, २००७ पासून हे स्थानही संरक्षित आहे. परंतु पूजक नाहीत आणि अग्नी उसना. तेथील व्यवस्थेस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तिने जे हाती होते ते नीट राखले आहे. पण ज्वालामनोऱ्यांवर विजेची आग आणि आतेशगाहात नळाची आग, असे हे दोन्ही अग्नी पाहिल्यावर मनात आले की, वास्तू राखणे व तिच्यातील जीवन राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सरकारास साधते; दुसरी नेहमी साधतेच असे नाही.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहावयाची तर कोटाच्या वायव्येस, चढणीवर, जावे. तेथे आता विस्तीर्ण 'मध्यवर्ती उद्यान' आहे: हिरवळ, कारंजी, मुलांस खेळावयास जागा. हे उद्यान होण्यापूर्वी येथे 'सोवेत्स्की' या नावाने ओळखली जाणारी दाट वस्ती होती. शंभर-सव्वाशे वर्षांची बैठी घरे, एका चौकाभोवती चारपाच बिऱ्हाडे, चौकात तुतीचे किंवा अंजिराचे झाड. २०१० नंतरच्या दशकात ती वस्ती पाडण्यात आली. त्यापूर्वी शहराच्या मध्यभागी अन्य एका उद्यानासाठीही अशीच घरे पाडली गेली होती. त्या प्रकरणी 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २०१२ साली सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. घर कोणते, कसे, कोठे याचा विचार न करता चौरस मीटरला १५०० मनात असा सरसकट मोबदला ठरविण्यात आला, आणि कित्येकांस इच्छेविरुद्ध घराबाहेर काढण्यात आले, असे त्यात नमूद आहे.

त्या उद्यानात एका बाकावर आमची एका वृद्ध गृहस्थाशी गाठ पडली. तेही निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यांची नात इंग्रजी जाणत होती. तिच्या मध्यस्थीने दोन मुअल्लिमांचे संभाषण झाले. त्यांचा जन्म याच जागी, त्या पडलेल्या वस्तीत झाला होता. "आपणांस आपले घर कोठे होते हे आता कसे कळते?" असे आम्ही विचारले. त्यांनी वरच्या अंगास असलेल्या ताझापीर मशिदीच्या मनोऱ्याकडे बोट दाखविले. "ती हलली नाही. तिच्यापासून मी पावले मोजतो. ते कारंजे दिसते ना, तेथे आमचा जिना होता." तक्रारीचा सूर त्यात नव्हता. नव्या बाराव्या मजल्यावरील घरात ऊन आहे, चोवीस तास गरम पाणी आहे, सूनबाई समाधानी आहेत, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. जुन्या घरात पावसाळी भिंत गळे हेही सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, "मुअल्लिम, घर मिळाले. शेजार मिळाला नाही. आमच्या चौकात सात बिऱ्हाडे होती. ती शहराच्या सात कोपऱ्यांत गेली. त्यांतील कोणी वारले, हे मला आता चाळीस दिवसांनी कळते." नात हे वाक्य भाषांतरित करताना अडखळली. आम्हांसही त्यावर बोलावयास काही सुचले नाही. उद्यान सुंदर होते, मुले आनंदाने खेळत होती, आणि तरीही ते वाक्य खरे होते.

बाकूने आम्हांस जे शिकविले ते हे. आपण समजतो की भांडण कोट व मनोरा यांचे आहे. वस्तुतः त्या दोघांचे चांगले जमले आहे. कोटास युनेस्कोचा आधार, मनोऱ्यास तेलाचा. प्रवासी दोघांचेही छायाचित्र एकाच चौकटीत घेतात आणि एकाची शोभा दुसऱ्यामुळे वाढते. जिचा कोणी वाली नाही ती त्यांच्यामधली वस्ती. ती आठशे वर्षांची जुनी नाही की तिला मान मिळावा, आणि उंच नाही की तिला भाव यावा. एकत्र कुटुंबातही असेच होते. आजोबांच्या तसबिरीस हार असतो, नातवाच्या पगाराचे कौतुक असते. पण ज्या मधल्या पिढीने चूल पेटती ठेविली, आजारपणे काढली, वाटण्या न होऊ देता घर एकत्र राखले, तिचे नाव सहसा कोणी घेत नाही. शहरातही पाव भाजणारा, शिवणारा, शिकविणारा, पोरांस हाक मारणारा शेजार हा बहुधा असल्या मधल्या वस्त्यांतच असतो. कोटाचा दगड पडला तर तो पुन्हा बसविता येतो, मनोऱ्याची काच फुटली तर नवी घालता येते. सात कोपऱ्यांत गेलेली सात बिऱ्हाडे मात्र कोणत्याही कारागिरास पुन्हा एका चौकात बसविता येत नाहीत.

याचा अर्थ गळकी भिंत गळतीच ठेवावी असा नाही. त्या वृद्ध गृहस्थांच्या सूनबाईंस गरम पाणी मिळाले हे योग्यच झाले; तागीयेव यांनी शंभर मैलांवरून पाणी आणले तेही त्याचसाठी. आमचे म्हणणे एवढेच की, पाडावयाचे झाल्यास आधी बिऱ्हाडे मोजावीत, त्यांच्याशी बोलावे, आणि हलवावयाचे झाल्यास चौकचा चौक एकत्र हलवावा. बाहेरचा तट पाडणाऱ्यांनीसुद्धा दरवाजा नीट उचलून आतल्या दरवाजाशेजारी आणून बसविला होता. दगडाच्या बाबतीत जो विवेक सुचला तो माणसांच्या बाबतीत सुचणे अवघड नसावे. बाकूच्या पूर्वेस, जेथे जुन्या तेलकारखान्यांच्या काजळीमुळे 'काळे शहर' हे नाव पडले होते, तेथे आता २२१ हेक्टरांवर 'पांढरे शहर' वसविण्याचे काम चालू आहे. ओसाड कारखान्यांच्या जागी घरे उठत आहेत, ही गोष्ट आम्हांस उद्यानासाठी नांदती घरे पाडण्यापेक्षा अधिक शहाणपणाची वाटली.

असो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुलेबाळे हल्ली दूरदूरच्या देशी सहल करून येतात, आणि बाकूकडे जाणारांची संख्याही थोडी नाही. त्यांनी ज्वालामनोरे रात्री पाहावेत, कोट सकाळी पाहावा, आतेशगाहातील आपली अक्षरे डोळे भरून वाचावीत. आणि एक सायंकाळ राखून ठेवून त्या मध्यवर्ती उद्यानातील एखाद्या बाकावर स्वस्थ बसावे. शेजारी कोणी वृद्ध बसलेला असेल तर त्यास त्याचे घर कोठे होते ते विचारावे, आणि तो पावले मोजू लागला तर त्याच्याबरोबर कारंज्यापर्यंत चालत जावे, इतकीच विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.